हद्द कुणाची?

खांदेश्वर स्टेशनात उतरणारा ‘नवी मुंबईत राहतो’ म्हणतो. मुलीच्या दाखल्याचा अर्ज भरताना मात्र तालुका पनवेल, जिल्हा रायगड लिहावे लागते. तिने विचारले, असे का? आम्ही सांगितले, वसाहत सिडकोची, पण नवी मुंबई महापालिकेची हद्द बेलापूरला संपते. इकडे 1 ऑक्टोबर 2016 पासून पनवेल महापालिका आहे. नळाची तक्रार घेऊन चुकीच्या कचेरीत गेलेल्याला ही रेघ बरोबर दिसते!

आपण एक आहोत ही लोकांची भावना म्हणजे राष्ट्र. कायदा करते, कर घेते ते राज्य. त्याचा हुकूम जिथे थांबतो ती सीमा. मग एका भाषेचे एकच राज्य हवे काय? बाबासाहेबांनी 1955 साली भाषावार राज्यांवरील पुस्तकात नाही म्हटले. एका राज्याची भाषा एक असावी, पण एका भाषेची राज्ये अनेक असू शकतात. मराठी मुलखाची त्यांनी चार सुचवली: मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. कारण गावोगाव एक मोठी जात आणि तिच्या दाबाखाली लहान जाती. सारा मुलूख एकत्र केला की त्या मोठ्या जातीचे बहुमत कायमचे पक्के. आमच्या आजोबांना हे पाणवठ्यावरच कळले होते.

पुढे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत गेले आणि 1 मे 1960 रोजी मुंबईसह एकच महाराष्ट्र झाला.

बाबासाहेबांच्या नकाशात तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, पश्चिम महाराष्ट्रात होता. तसे झाले असते तर इथून सीएसएमटीला कामाला जाणारा रोज परराज्यात गेला असता. मुलगी हसून म्हणाली, “मग पास महागला असता का?”