पॉली उम्रीगर : एका दौऱ्यापलीकडे

पॉली उम्रीगर यांचे बालपण सोलापुरात गेले. तरीही आपल्या गावाच्या थोरांची नावे मोजताना आम्हा सोलापूरकरांच्या तोंडी ते सहसा येत नाही. क्रिकेटच्या गप्पांत आलेच, तर १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यापुरते येते : ट्रूमनच्या वेगापुढे मागे सरणारा फलंदाज, सात डावांत ४३ धावा. आकडे खरे आहेत. त्यांवरून माणसाची किंमत ठरवणे मात्र आम्हांस अन्यायाचे वाटते.

याच फलंदाजाने १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून भारताचे पहिले कसोटी द्विशतक नोंदवले. १९५९ मध्ये त्याच इंग्लंडच्या भूमीवर, मँचेस्टरला, शतक झळकावले. १९६२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ धावा काढल्या, शिवाय एका डावात पाच बळी घेतले. त्याच वर्षी ते निवृत्त झाले, तेव्हा ५९ कसोटी, ३६३१ धावा आणि १२ शतके हे तिन्ही भारतीय विक्रम होते.

आम्हांला याहून मोलाची वाटते ती जानेवारी १९५९ मधील एक रात्र. संघनिवडीतील वरिष्ठांचा हस्तक्षेप अमान्य करून, मद्रास कसोटीच्या आदल्या रात्री त्यांनी कर्णधारपद सोडले. चेंडूपुढून मागे सरलेला माणूस साऱ्यांच्या ध्यानात राहिला. तत्त्वासाठी खुर्चीवरून उठलेला राहिला नाही. सोलापूरने तरी हा दुसरा उम्रीगर विसरू नये.