विश्लेषण : विषाणूचे ‘दार’ दाखवणाऱ्या प्रतिपिंडाचीच आधी परीक्षा हवी!

मार्च २०२० मध्ये रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना एका शंकेने घेरले : रोजची गोळीच करोनाला आमंत्रण देत नाही ना? पेशींवरील ‘एसीई-२’ या प्रथिनाला धरून विषाणू आत शिरतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या औषधांनी हे प्रथिन वाढत असावे, अशी भीती संशोधकांच्या एका गटाने व्यक्त केली होती. उत्तरासाठी हे प्रथिन शरीरात नेमके कुठे आणि किती आहे, हे कळणे गरजेचे होते. ते दाखवणारे एक मुख्य साधन म्हणजे प्रयोगशाळेतील प्रतिपिंड. पण हे साधन तरी भरवशाचे असते का?

एसीई-२ काय करते?

एसीई-२ हे मुळात विकर, म्हणजे एन्झाइम. त्याचा शोध २००० मध्ये लागला. रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या अँजिओटेन्सिन-२ चे ते वाहिन्या सैल करणाऱ्या घटकात रूपांतर करते. सार्सचा विषाणू याच प्रथिनाला चिकटतो, हे २००३ मध्ये समजले. २०२० मध्ये करोना विषाणूचेही दार तेच निघाले.

प्रतिपिंड ते कसे शोधते?

करोना झाल्यावर रक्तात तपासली जाणारी अँटिबॉडी ती ही नव्हे. ससा, शेळी किंवा उंदराला मानवी एसीई-२ चा तुकडा टोचला की त्याचे शरीर तो तुकडा ओळखणारी प्रतिपिंडे तयार करते. ती ऊतीच्या पातळ कापावर टाकली जातात. जिथे ती चिकटतात, तिथे पुढील प्रक्रियेत रंग उमटतो, बहुधा तपकिरी. अडचण अशी, की प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटले तरी रंग तपकिरीच!

गोंधळ कुठे झाला?

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या संशोधकांना २००४ मध्ये फुप्फुसातील वायुकोशांवर एसीई-२ ठळक दिसले. स्वीडनमधील उप्सालाच्या चमूने २०२० मध्ये दोन वेगळी प्रतिपिंडे वापरून दीडशेहून अधिक प्रकारच्या पेशी तपासल्या. आतडे, मूत्रपिंड, पित्ताशयात ते भरपूर आढळले. फुप्फुसात मात्र अत्यल्प किंवा नाहीच. नमुना कसा जतन केला, यानेही असा फरक पडू शकतो. शिवाय ‘दिसले नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असेही नव्हे. तरीही प्रतिपिंड पारखलेले नसेल, तर दोन उत्तरांपैकी कोणते खरे हे ठरवायचे कसे?

हा प्रश्न एसीई-२ पुरता नाही. कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने २०२३ मध्ये ६५ प्रथिनांसाठी विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे तपासण्यात आली. चाचणीत नापास ठरलेल्या प्रतिपिंडांवर आधारलेले, प्रत्येक प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंध आधीच प्रसिद्ध झालेले होते.

पारख कशी करायची?

सर्वात खणखणीत कसोटी सोपी आहे. ज्या पेशीतून एसीई-२ चे जनुकच काढून टाकले आहे, तिच्यावर प्रतिपिंड टाकायचे. तरीही रंग उमटला, तर प्रतिपिंड खोटे बोलते आहे. दुसरी कसोटी म्हणजे प्रथिनाचे वेगवेगळे भाग ओळखणाऱ्या दोन प्रतिपिंडांचे उत्तर जुळते का, हे पाहणे. शिवाय प्राण्याच्या रक्तातून मिळणारी मिश्र प्रतिपिंडे प्रत्येक खेपेला थोडी वेगळी असतात. आराखडा ठाऊक असलेली आणि पेशींत तयार केलेली प्रतिपिंडे पुन्हा हुबेहूब बनवता येतात. ती महाग पडली, तरी चुकीच्या निष्कर्षापेक्षा स्वस्तच.

रुग्णाशी संबंध काय?

गोळीबाबतची शंका पुढे फिटली. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये पारखलेल्या प्रतिपिंडांनी श्वसनमार्ग तपासला. ही औषधे घेणाऱ्यांत तिथे एसीई-२ वाढलेले दिसले नाही. ब्राझीलमध्ये ६५९ करोनाबाधितांवरील चाचणीतही गोळ्या सुरू ठेवल्याने अपाय आढळला नाही. मात्र दरम्यान घाबरून कोणी गोळी थांबवली असती, तर रक्तदाब उसळण्याचा धोका त्यालाच होता.

म्हणूनच प्रत्येक शोधनिबंधात वापरलेल्या प्रतिपिंडाचा क्रमांक, त्याची खेप आणि जनुक काढलेल्या पेशीवरील चाचणी छापणे बंधनकारक व्हायला हवे. सरकारी निधी देणाऱ्या संस्थांनीही अनुदानापूर्वी हा पुरावा मागावा आणि त्या तपासणीचा खर्च मंजूर करावा. पुढची साथ आली की पुन्हा घाईत उत्तरे शोधावी लागतील. तेव्हा प्रतिपिंड पारखायला सवड नसेल. ते काम आताच व्हायला हवे.