सायकल वाढत्या अंगाची नको!

मैत्रिणींनो, मुलीला फ्रॉक शिवायचा झाला की आपण शिंप्याला आवर्जून सांगतो, 'वाढत्या अंगाचा शिवा हो, दोन वर्षं तरी पुरला पाहिजे.' चप्पल घेतानाही पुढे बोटभर जागा ठेवतो. काटकसरीने संसार करणाऱ्या बाईची ही रीतच आहे आणि त्यात गैर काहीच नाही. पण हीच रीत आपण सायकलीच्या दुकानातही लावतो आणि तिथे मात्र ती अंगाशी येते.

मोठ्या मापाचा फ्रॉक ढगळ दिसतो, एवढंच. मोठ्या मापाची सायकल मुलीला पाडते! पाय जमिनीला टेकत नाहीत, बोटं ब्रेकपर्यंत पोचत नाहीत, त्यात समोरून एसटी आली की पोरीचा जीव थाऱ्यावर राहत नाही. एक-दोनदा गुडघे फुटले की घरातली मोठी माणसं म्हणतात, 'नको ती सायकल!' महिला मंडळाच्या कामानिमित्त माझं घरोघरी जाणं होतं. कितीतरी पडव्यांमध्ये नवीकोरी सायकल भिंतीला टेकून उभी दिसते, तिच्यावर धान्याची पोती नाहीतर वाळत घातलेले कपडे. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'तिला जमत नाही हो.' जमत नाही ती मुलीला, की सायकलच जमणारी नाही, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

हे दुखणं वाटतं तेवढं किरकोळ नाही. गावातली शाळा सातवीला संपते आणि हायस्कूल शेजारच्या गावात असतं, तिथे सायकल म्हणजे पुढचं शिक्षणच! बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळच्या वेळी माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. आणि ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांतली होती. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी अशी योजना आली. २०२२ मध्ये तिची रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. पैसे मुलीच्या खात्यात जमा होतात, म्हणजे सायकल निवडायची ती आपणच. मग ती डोळसपणे निवडायला नको का?

आधी मापाचा घोळ समजून घेऊ. दुकानदार 'बावीस इंची' म्हणतो तेव्हा काळ्या उंच सायकलीच्या बाबतीत ते माप फ्रेमचं असतं, तिची चाकं अठ्ठावीस इंचांची असतात. 'लेडीज सव्वीस इंची' म्हणतो तेव्हा ते माप चाकाचं असतं! म्हणजे सव्वीस हा आकडा ऐकून ही बावीसपेक्षा मोठी, असा हिशेब करायचा नाही. सरळ विचारायचं, 'भाऊ, हे चाकाचं माप की फ्रेमचं?'

आणि आकड्यांपेक्षा खरी परीक्षा मुलीला बसवून पाहण्याची. सीट अगदी खाली केल्यावर तिचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का? हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेला राहतो, की ती पुढे ओणवी होते? बोटं सहज ब्रेकवर जातात का? मधे आडवा दांडा असलेली सायकल असेल, तर दोन्हीकडे पाय टाकून उभं राहिल्यावर दांडा आणि अंग यांत एक-दोन इंच जागा हवी. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जेमतेम सरळ व्हावा, ही सीटची बरोबर उंची. शिकाऊ मुलीची सीट मात्र याहून थोडी खालीच बरी.

वाढत्या वयाची सोय करायची ना? ती सीटच्या नळीत असते! आज सीट खाली ठेवून मुलीला नीट बसणारी सायकल घ्या आणि पोर वाढेल तशी सीट वर करा. फक्त नळीवर जी खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. खूण नसेल तर निदान अडीच-तीन इंच नळी आत राहिली पाहिजे.

दुसरं दुखणं सुट्या भागांचं. कुकरची रिंग आणायला आपण जुनी रिंग पिशवीत घालून नेतो की नाही? तसंच हे. टायर फाटला म्हणून मुलीचे बाबा तालुक्याहून 'सव्वीसचा टायर' आणतात आणि तो काही केल्या बसत नाही. कारण सव्वीस सव्वीसमध्येही फरक आहे. लेडीज सायकलला बहुधा २६ × १ ३/८ लागतो, जाड टायरच्या सायकलींना २६ × १.७५ किंवा त्याहून रुंद. या दोन्हींच्या रिमच्या व्यासात ३१ मिलिमीटरचा फरक असतो. टायरच्या कडेला ३७-५९० किंवा ४७-५५९ असा आकडाही असतो. त्यातले शेवटचे तीन अंक जुळलेच पाहिजेत. तेवढे वहीत लिहून ठेवा.

रिम बदलताना ब्रेक पाहा. दांडीचे ब्रेक रिमला आतून दाबतात, तारेचे ब्रेक दोन्ही बाजूंनी. एकाची रिम दुसऱ्याला घातली तर ब्रेक धड लागत नाही, आणि उतारावर ते जिवावर बेतू शकतं. गिअरच्या सायकलची चेन अरुंद असते, ती साध्या सायकलच्या जाड दात्यांवर बसत नाही. मागच्या फ्रीव्हीलचे दाते झिजून टोकदार झाले असतील आणि नुसती चेनच नवी टाकली, तर ती उड्या मारते. आणि हो, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सवयीने उजवीकडे फिरवाल तर घट्ट होण्याऐवजी सैल होईल! ओढाताण केली तर आटेच जातात.

'आम्हा बायकांना यातलं काय कळतंय?' असं कृपा करून म्हणू नका. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका! लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. काहींना तर त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर लेकराला बसवता येत होतं. सायकल लेडीज की जेंट्स, हा प्रश्न दुय्यमच. ती चालवणारीच्या उंचीला आणि कामाला बसते की नाही, एवढंच पाहायचं.

शाळांनाही एक सांगणं आहे. सायकलवाटपाचे फोटो निघतात, हारतुरे होतात. त्याच दिवशी प्रत्येक मुलीला सायकलवर बसवून सीट आणि हँडल तिच्या मापाचं करून द्यायला पाच मिनिटं लागतात. शाळेत एक पंप आणि दोन-तीन पाने ठेवायला फार खर्चही येत नाही. बचत गटांनी मनावर घेतलं तर महिन्यातून एका रविवारी गावातल्या मुलींच्या सायकली तपासून होतील, आणि मुलीही पाना धरायला शिकतील.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा सायकल घ्यायला नुसत्या बाबांना पैसे देऊन पाठवू नका. मुलीलाही बरोबर न्या आणि बिल करण्याआधी तिला दुकानासमोर एक चक्कर मारू द्या. ती 'जमतंय' म्हणाली, तरच पैसे द्या!