बायोडेटात चळवळ लिहायची की लपवायची?

खासगी नोकरीच्या शोधात असलेले आपले तरुण-तरुणी एक प्रश्न हमखास विचारतात. बायोडेटात जयंती उत्सव समिती, विहारातला अभ्यासवर्ग, विद्यार्थी संघटना यांचा उल्लेख करावा का? घरचे म्हणतात, "कशाला उगाच? आधी नोकरी लागू दे."

ही भीती निराधार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी असतानाही दलित नावाच्या अर्जाला प्रतिसाद मिळण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जाला एक तृतीयांश होती. भेदभाव व्हायला नुसते नाव पुरले. म्हणजे समितीची ओळ खोडली की धोका टळला, असे होत नाही.

लपवण्याची किंमत बाबासाहेबांनीही मोजली. १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत उतरावे लागले. खरी ओळख कळताच काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढले. परदेशातले उच्च शिक्षणही आड आले नाही.

मग सगळेच लिहावे का? आमचे मत असे: खासगी नोकरीच्या बायोडेटात जात-धर्म लिहिण्याची गरज नाही, पण केलेले काम जरूर लिहावे. 'सामाजिक कार्याची आवड' या ओळीला काही अर्थ नाही. जयंतीचा खजिनदार पावतीपुस्तके सांभाळतो, मंडपवाल्याशी दर ठरवतो, पोलीस परवानगी काढतो, शेवटी वस्तीसमोर हिशेब मांडतो. हा लेखा आणि व्यवस्थापनाचा अनुभव आहे. किती वर्षे, किती रक्कम, किती माणसे, हे आकड्यांत लिहा.

संघटनेचे नाव द्यायचे का, हे नोकरी पाहून ठरवा. सामाजिक संस्था, संशोधन, पत्रकारिता अशा ठिकाणी ते उपयोगी पडू शकते. इतरत्र गाळले तरी चालेल, मात्र मुलाखतीत विचारले तर खोटे सांगू नका. आणि घर चालवणाऱ्या एखाद्या मुलीने ते नाव गाळले, तर 'चळवळ विसरली' असे तिला कुणी म्हणू नये.

खरा प्रश्न अर्जदाराचा नाही, निवडणाऱ्याचा आहे. संविधानाचे अनुच्छेद १६ सरकारी नोकरीत समान संधी देते. खासगी भरतीला ते लागू नाही. म्हणून पहिल्या चाळणीत नाव, आडनाव आणि फोटो झाकूनच अर्ज तपासावेत, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. खासगी क्षेत्रातील आरक्षणाच्या लढ्याइतकीच ही मागणी महत्त्वाची आहे. आपल्या मुलांनी बायोडेटातून काय खोडावे, यावरच आपण किती काळ बोलत राहणार?