जुनी बॅटरी फोडू नका, सबंध परत द्या

नव्या बॅटरीच्या भावाची चर्चा आपल्या दुकानांतून रोज होते. काढलेल्या बॅटरीचे पुढे काय होते, याची मात्र होत नाही. नांदेड असो की लातूर, दुकानात इन्व्हर्टरला एक बॅटरी असते, टेम्पोला एक, ई-रिक्षाला बहुधा चार. काही वर्षांत ती बसते. मिस्त्री नवी जोडून देतो, जुनी भंगारात जाते.

बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. भाव शिशाला मिळतो, तेजाबाला नाही. म्हणून तेजाब गटारात ओतायचे, बॅटरी फोडायची आणि प्लेटा वितळवायच्या, असा धंदा देशात अनेक ठिकाणी चालतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्याला परसातली भट्टीही पुरते. पण त्याची भुकटी कारागिराच्या हातावरून, कपड्यांवरून घरातल्या लेकरांपर्यंत जाते. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत अशाच कामामुळे नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुले दगावली. तेथील लोकही पोटासाठीच हे काम करत होते. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेव्हा बॅटरी सबंध, तेजाबासह, विक्रेत्याकडे परत द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनीही वापरणाऱ्यावर ती योग्य ठिकाणी देण्याची जबाबदारी टाकली आहे. भंगारवाला रोख देतो, हे खरे. पण त्या चार पैशांत गल्लीचे पाणी आणि पोरांची तब्येत आपण विकतो, हा हिशेब कोणी मांडत नाही.

बदलतानाची काळजी मिस्त्री मंडळींना ठाऊक असते, पण घाईत ती राहून जाते. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करावा. काढताना निगेटिव्ह तार आधी, जोडताना ती शेवटी. हातात अंगठी, कडे नको, कारण पाना दोन्ही टोकांना लागला की ठिणगी उडते. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेथे बिडी नकोच नको. अंगावर तेजाब उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे, सांडलेल्यावर खाण्याचा सोडा टाकावा. ई-रिक्षाच्या चारांपैकी एकच नवी घालण्याचा मोह आवरावा. जुन्यांच्या संगतीत नवीही लवकर बसते आणि ग्राहक मग मिस्त्रीलाच बोल लावतो.

आता विक्रेते बंधूंना एक विनंती. जुन्या बॅटरीची किंमत नव्याच्या बिलात गुपचूप वळती करू नका. किती धरली, ते बिलावर वेगळे लिहा. ग्राहकाला तो आकडा दिसला, तर तो भंगाराच्या गाड्याकडे कशाला वळेल?