एका वर्षाच्या मोहोरावर बाग घेऊ नका

परवा भाचा घरी आला. नवी नोकरी, हातात थोडी शिल्लक. मोबाईल पुढे करत म्हणाला, "मामू, ही खाणकंपनी बघा. पी-ई फक्त पाच! सगळे पैसे यातच टाकतो." त्या पैशांत त्याच्या अम्मीची बचतही आहे, हे मला माहीत होतं. म्हणून त्याला थांबवलं.

पी-ई म्हणजे शेअरच्या भावाला एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याने भागायचं. भाव 300 रुपये, नफा 60 रुपये, तर पी-ई 5. साबण विकणाऱ्या कंपनीचा नफा दरवर्षी थोडाफार सारखा असतो, म्हणून तिथे हा आकडा बरंच सांगून जातो. खाणीचं तसं नाही. खनिजाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, पण खाण चालवण्याचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. त्यामुळे भाव निम्मा झाला की नफा कधीकधी नाहीसाच होतो. समजा, नफा 60 वरून 4 वर आला आणि शेअर 120 वर पडला. आता पी-ई 30! म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे बुडाल्यावर तोच शेअर 'महाग' दिसू लागतो. खरं तर तो महाग होता पी-ई 5 असताना.

आपल्या शेजारच्या गोव्यात हे घडलेलं आहे. 2011 च्या सुरुवातीला चीनच्या मागणीमुळे लोहखनिज टनाला 190 डॉलरच्या आसपास गेलं होतं. 2010-11 मध्ये सेसा गोवा कंपनीला चार हजार कोटींहून जास्त नफा झाला, तरी वर्षअखेरीस पी-ई दहाच्या आतच होता. माझ्या मते बाजार आंधळा नव्हता. हा नफा टिकेल यावर त्याचा विश्वास नव्हता. पुढे निर्यातशुल्क 30 टक्के झालं. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. 2014 मध्ये बंदी उठली, तोवर भाव घसरू लागले होते. 2015 च्या अखेरीस ते 40 डॉलरच्याही खाली आले.

आणखी एक गोष्ट. शेत पुन्हा पिकतं, खाण पिकत नाही. काढलेलं खनिज गेलं ते गेलंच. म्हणजे खाणीच्या नफ्यात थोडं मुद्दलही विकलं जात असतं.

म्हणून भाच्याला म्हटलं, एका वर्षाचा नफा घेऊ नकोस. दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी काढ आणि आजच्या भावाला तिने भाग. खनिज किती उरलंय, लीज कधी संपते, कर्ज किती आहे, तेही बघ. त्याने तिथेच बसून हिशेब केला. पाचाचे एकवीस झाले.

हापूस एक वर्ष भरभरून येतो, दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतो. कोकणातला माणूस एका वर्षाचा मोहोर बघून बागेची किंमत ठरवत नाही. मग खाणीचीच का ठरवावी?