जायफळाची झोप

रात्रभर बाळ रडतं. आईला पहाटे उठून कामावर जायचं असतं. एका खोलीत सहा माणसं, सगळ्यांनाच झोप हवी असते. मग आजी सहाण काढते, घुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त उगाळते आणि बाळ झोपतं. वस्तीत घरोघर फिरताना आम्हाला हे नेहमी दिसतं. आजीची माया खरी आहे. पण ही झोप कसली आहे, हे सगळ्यांनी समजून घेतलं पाहिजे.

जायफळाचं झाड मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. दमट, पावसाळी जंगलात वाढणारं, बारमाही हिरवं आणि सुगंधी. फळ पिकून उकललं की आत लाल जाळी दिसते, ती जायपत्री. त्या जाळीच्या आतली बी म्हणजे जायफळ. आता कोकणातही नारळ-सुपारीच्या बागांत ही झाडं लावतात. सतराव्या शतकात युरोपात जायफळ प्लेगवरचं औषध मानलं जायचं. त्याचा सगळा व्यापार आपल्याच हातात राहावा म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ साली बांदा बेटांवर हजारो माणसं मारली, उरलेल्यांना गुलाम केलं. इतकं रक्त सांडलं, पण प्लेग काही जायफळाने थांबला नाही. एखाद्या वस्तूची ख्याती मोठी असली म्हणून ती औषध ठरत नाही, ती तपासूनच घ्यावी लागते.

तपासलं तर काय दिसतं? जायफळात एक उडणारं तेल असतं आणि त्यात मायरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. बुद्धपौर्णिमेच्या खिरीत चिमूटभर जायफळ किसलं तर घाबरायचं कारण नाही. पण एका अख्ख्या जायफळाचं वजन साधारण ५ ग्रॅम भरतं. तेवढी पूड मोठ्या माणसाच्या पोटात गेली तर काही तासांनी मळमळ, तोंडाला कोरड, छातीत धडधड, घबराट सुरू होते, भासही होतात. हा त्रास दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकतो. अमेरिकेतले काळ्या लोकांचे नेते माल्कम एक्स यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे, की तुरुंगात कैदी स्वयंपाकघरातून चोरलेली जायफळाची पूड काडेपेटीत भरून विकत घेत आणि पाण्यात ढवळून नशेसाठी पीत. जी वस्तू मोठ्यांना नशा आणते, ती आपण तीन किलोच्या बाळाला देतो आहोत.

आजी म्हणते, "आम्ही थोडंच देतो." पण थोडं म्हणजे किती? एकीचा वेढा हलका, दुसरीचा जोराचा. एका जायफळात तेल जास्त, दुसऱ्यात कमी. बाळाचं यकृत अजून तयार होत असतं. तान्ह्या बाळाला इतकं चालेल असं जायफळाचं कुठलंही ठरलेलं माप नाही. त्यात सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर घुटीबरोबर जंतूही पोटात जातात.

सगळ्यात मोठा धोका जुलाबात आहे. बाळाला जुलाब लागले की जायफळ उगाळून द्यायची जुनी पद्धत आहे. पण जुलाबात बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं, आणि पाणी फार कमी झालं की बाळ सुस्त पडतं. ही सुस्ती आम्हा नर्सेसना धोक्याची घंटा वाटते. जायफळ दिलेलं बाळही सुस्तच दिसतं. घरच्यांना वाटतं, "बरं वाटलं, झोपलंय." तेवढ्यात मोलाचे तास निघून जातात. शिवाय पेंगुळलेलं बाळ अंगावर नीट पीत नाही आणि पाणी आणखी कमी होतं.

म्हणून जुलाबात हे करा. अंगावरचं दूध चालूच ठेवा, उलट जास्त वेळा पाजा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा आणि वाटी-चमच्याने थोडं थोडं द्या. झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, त्या आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून विचारून घ्या. बाळ सुस्त पडलं, पीत नसलं, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसली किंवा शौचातून रक्त आलं, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. घुटी नाही, मध नाही, वरचं पाणीही नाही. औषध द्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलेलंच. बाळ रडलं तर आधी पाजा, खांद्यावर घेऊन ढेकर काढा, लंगोट पाहा, अंग गरम आहे का पाहा. रडणं थांबतच नसेल तर दवाखाना गाठा.

आता आमचं खरं म्हणणं. जायफळ उगाळणाऱ्या बाईला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. धुणीभांडी करणारी आई दोन महिन्यांत कामावर जाते, कारण खाडे झाले की पैसे कापले जातात. कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण घरकामाला जाणाऱ्या बाईच्या पदरात ती पडत नाही. कामगार स्त्रीला बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी, असं बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं होतं. ते आपल्या वस्तीपर्यंत अजून आलेलं नाही. ज्या बाळाजवळ आई थांबू शकते, त्याला नशेने झोपवावं लागत नाही. म्हणून महिला मंडळांच्या बैठकीत पाळणाघराची मागणी ठरावात घ्या, नगरसेवकाला, अंगणवाडीला लेखी द्या. आणि तोपर्यंत जायफळ मसाल्याच्या डब्यात ठेवा, बाळाच्या सहाणेवर नको.